खानाचं नाव

लेकाचा रिकामा प्याला पुसताना म्हातारीच्या ओठांवर त्याचं नाव आलं. तिने ते गिळलं. मेलेल्या खानाचं नाव घ्यायचं नाही, ही मंगोलांची रीत. घेतलं तर मान जायची. ज्या नावाने दहा वर्षं मुलूख थरथरला, ते आता तंबूत एकट्या बसलेल्या आईलाही उच्चारता येत नव्हतं.

बाहेर हिमवादळात कुणीतरी आकांताने ओरडलं, "बुर्गेद! अरे बुर्गेद!"

म्हातारी दचकली.

पहारेकऱ्यांनी एका तरुण बाईला फरफटत आत आणलं. "आईसाहेब, हिने खानाचं नाव घेतलं!"

"माझ्या पोराचंही तेच नाव हो. वादळात हरवलाय. खान गेल्यावर नाव बदलावं लागलं, पण नव्या नावाला तो ओ देत नाही."

"सोडा तिला." म्हातारी काठी टेकत उठली. "चल पोरी, दोघी मिळून हाका मारू."