बरण्यांचं खोकं

“खिशात काय आहे?” व्हर्नाने विचारलं.

“काही नाही,” लिनेया म्हणाली. विमानाच्या शेडमधल्या, पोती तोलायच्या जुन्या काट्यावर ती ताठ उभी होती.

“मागच्या खेपेलाही काही नव्हतं. मग नदीतले गोटे निघाले.”

सात वर्षांची पोर. पोटाचा आजार असा, की खाल्लेलं अंगी म्हणून लागत नव्हतं. डोंगरांपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नवं औषध सुरू झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जुलैपर्यंत वजन वाढलं नाही तर आतडं कापावं लागेल. पोरीने ते ऐकलं आणि आपल्या परीने उपाय केला. मागच्या महिन्यात काटा पुढे सरकला तेव्हा व्हर्नाचा जीव केवढा हरखला होता. मग जाकिटातून गोटे बाहेर पडले. हरखली होती म्हणूनच तिला राग जास्त आला. “विमानाशी खोटं बोलायचं नाही,” ती ओरडली होती. त्यावर ही शहाणी म्हणाली, “पण गोटेपण विमानातूनच येणार होते ना?”

व्हर्ना सत्तरीला टेकली होती. निम्मं आयुष्य अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात गव्हाच्या शेतांवर विमानातून औषध फवारण्यात गेलं. आता चार आसनांचं आपलं विमान काढून ती आजारी पोरांना इस्पितळात पोचवायची. विमान तिचं, पेट्रोल तिचं, आणि पैसे घ्यायचे नाहीत हा नियम. लिनेयाच्या बापाला, आर्लोला, तो नियम सोसत नव्हता. गुरं पाळणारा मानी माणूस. “आम्ही फुकटचं खाणारे नव्हे, बाई,” असं म्हणून पहिल्या खेपेला तो रानचेरीच्या जॅमच्या दोन बरण्या घेऊन आला. एक व्हर्नाला, एक इस्पितळातल्या नर्सबाईंना.

पुढच्या खेपेला चार बरण्या आल्या. मग खोकं आलं, मग खोक्यात बटाटेही आले. व्हर्ना खोकं तोलायची, बापलेकींना तोलायची, मनात बेरीज करायची आणि म्हणायची, “बसतंय. टाक मागे.” दर महिन्याला जास्त कसं बसतंय, हे आर्लोने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आज ऊन रणरणत होतं. तापलेली हवा विमानाला नीट उचलत नाही. गवताची धावपट्टी आखूड, तिच्या टोकाला उंच झाडं, आणि डोंगर ओलांडायचे म्हणून टाकी भरलेली. व्हर्ना अशा दिवशी पावशेराचीही गय करत नसे.

“खिसे उलटे कर.”

खिशांतून अर्धं बिस्कीट, घोड्याच्या आयाळीचा गुंता आणि एक बटण निघालं.

“बूट काढ.”

बूट निघाले. काटा जरासा मागे आला आणि थांबला. व्हर्नाने काट्याला एक लाथ घातली. मग पोरीला उतरवून गव्हाचं शिवलेलं पोतं चढवलं. काटा चोख होता. तिने पोरीला पुन्हा वर उभं केलं आणि वाकून, चष्मा पुसून पाहिलं.

तेवढ्यात आर्लो खोकं घेऊन दारात आला. व्हर्नाचं तोंड पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

“किती घटलं?” त्याने हळूच विचारलं.

“खोकं काट्यावर ठेव आधी,” ती म्हणाली. लिनेया बाजूला झाली, खोकं वर चढलं. व्हर्नाने बेरीज केली. मग पुन्हा केली. “नाही बसत. बटाटे काढ.”

त्याने बटाट्यांची पिशवी खाली ठेवली.

“अजून.”

त्याने दोन बरण्या काढल्या.

“अजून काढ.”

“अहो बाई, मागच्या खेपेला एवढंच होतं आणि सगळं बसलं होतं,” आर्लो वैतागला. “तुमचं विमान काय आटलं की काय?”

“विमान तेवढंच आहे, आर्लो.”

तो बरणी हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्याने लेकीकडे पाहिलं. ती अनवाणी उभी राहून आपलंच अर्धं बिस्कीट खात होती. महिनोन् महिने विमानात जागा कुणाची रिकामी होत होती, हे त्याला ठाऊक होतं. पोर जेवढी झिजत होती तेवढ्या बरण्या तो भरत होता. बायकोलाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

एवढा दांडगा माणूस, बटाट्यांच्या पिशवीवरच बसला, टोपीत तोंड घालून रडला आणि मग हसू लागला. व्हर्नाने चष्मा पुन्हा पुसला, या खेपेला उगीचच.

“नर्सबाई विचारतील. काय सांगू त्यांना?” तो म्हणाला.

“सांग, जागा नव्हती.”

सगळं खोकं आर्लोच्या गाडीत परत गेलं. राहिली एकच बरणी, ती लिनेयाच्या मांडीवर. व्हर्नाने तिचा पट्टा आवळायला घेतला. मागच्या खेपेच्या खुणेवर तो पोचेना, तेव्हा तिने तो सैल केला.

“व्हर्नाआजी, मी अजून खाल्लं तर?” लिनेयाने विचारलं.

“तर पुढच्या खेपेला तुझ्या बाबाला खाली उतरवावं लागेल.”

लिनेयाने बाबाला एकदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, आणि बरणीचं झाकण उघडलं.