सोमवारच्या आधी

“आधी पाणी द्या बघू कुणीतरी,” असं म्हणत लीलाताई भंगाराच्या ढिगाशेजारी सरळ मातीतच बसल्या.

हातोडे थांबले. चौदाजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. शहरातली बाई, कडक इस्त्रीचं पातळ, आणि बसली कुठं, तर लोखंडाच्या चुऱ्यात! चिमणाबाईची पोरगी बायडा धावत गेली आणि पत्र्याचा डबा भरून घेऊन आली. ताईंनी तो तोंडाला लावून रिकामा केला. झालं, बायडाचा जीव त्यांच्यावर तिथंच जडला.

“मी इंजिन कंपनीकडून आलेय,” ताई म्हणाल्या. “त्र्यंबकरावांच्या. तुम्ही फोडता ते लोखंड त्यांच्याच भट्टीत जातं.”

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो रामलिंग मुकादम. त्यानं त्यांना ट्रकमधून इथं आणलं. तो उठवील तेव्हा उठायचं, तो बाहेरून कडी लावील तेव्हा झोपायचं. चिमणाबाईचा नवरा जोतीराम यानं कधीतरी उचल घेतली होती, ती फेडायला चिमणाबाई पाच वर्षं इथं होती. जोतीराम मेला. उचल काही मेली नाही.

“माणसाला असं डांबून राबवायचं नाही, असा आता कायदा झालाय,” ताई सांगत होत्या. “त्यात आमची इंजिनं परदेशी जायची आहेत. घेणारे विचारतात, तुमच्या मालामागं कुठं वेठीचं माणूस नाही ना? म्हणून मी पार इथवर आले. सोमवारी कामगार खात्याचे साहेब येतील, तेही हेच विचारतील. आज मला मोकळेपणानं सांगा. इथं तुम्ही आपल्या मर्जीनं आहात?”

त्यांच्यातली तानाबाई म्हणाली, “आमी सुखात हाय, ताई.”

बायडा फिसकन हसली. “सुखात? मावशे, काल भाकरी मोडताना रडत हुतीस, ती सुखानं व्हय?”

“गप गं, फाटक्या तोंडाचे! तुझं तोंड चालंल आन् मार आईला बसंल.”

चिमणाबाईनं फाटकाकडं नजर टाकली.

“रामलिंगला मीच कोल्हापुरात धाडलाय,” ताई म्हणाल्या. “अंधार पडेपर्यंत येत नाही तो.”

“आई, बोल की!” बायडानं तिचा दंड हलवला. “पुन्यांदा कोण इचारणार हाय आपल्याला?”

चिमणाबाईनं पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर गुलाल होता. तो तिनं तळहातावर घेऊन पुढं केला.

“जोतिबाचा हाय. ह्याच्यावर हात ठिवून सांगा, रामलिंगाच्या कानावर जाणार न्हाई म्हणून.”

रामलिंगाच्या वर आणखी कुणी असतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचं जग तिथंच संपत होतं.

ताईंनी चष्मा काढला, गुलालावर हात ठेवला. “जोतिबाची शपथ. रामलिंगच्या कानावर एक शब्द जाणार नाही.”

मग चिमणाबाई बोलली. बांध फुटल्यासारखी बोलली. कडी सांगितली, पट्ट्याचे वळ दाखवले, हातोड्याखाली चेंगरून वाकडं झालेलं बोट दाखवलं. “माजं जाऊ द्या ताई. पर दिवाळीनंतर उचलीच्या कागदावर पोरीचा बी अंगठा घेणार हाय त्यो. मग ती बी हितंच, तिची पोरं बी हितंच. तेवढं व्हाय नगं. तिला घिऊन मलकापूरला जायचंय मला, माज्या भावाकडं.”

ताई सगळं लिहून घेत होत्या. एकही शब्द गाळला नाही.

“सोमवारी साहेबांपुढंही हेच सांगशील?”

“सांगीन.”

“भिणार नाहीस?”

“आता कशाला भिऊ?”

“मी बी सांगीन!” बायडा उडी मारून म्हणाली. “वळ मोजून दाखवीन साहेबाला!”

ताईंनी तिच्या गालाला हात लावला. मग बाकीच्या बाराजणींना एकेकीला विचारलं. प्रत्येकीनं मान खाली घातली. ताईंनी कुणावर जबरदस्ती केली नाही. “राहू दे,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी दुपारी कंपनीचा ट्रक फाटकात आला. सयाजी ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, “चिमणाबाई आन् बायडा कोण? बोचकं बांधा, चला.”

“कुठं?”

“मलकापूरकडं.”

चिमणाबाई बोचकं आणायला धावली. बायडानंच ते ट्रकात टाकलं.

रामलिंग धावत आला. “ओ पावणं, कुणाला इचारून नेताय? मला न्हाई कोण काय बोललं!”

“तुला कशाला सांगतील? मालकाचा हुकूम हाय.”

आणि रामलिंग चक्क बाजूला झाला! त्याला असं मागं सरताना बायडा जन्मात पहिल्यांदा बघत होती. ट्रकच्या फळीवर चढून ती ओरडली, “मावशे, तू बी बोलायचं हुतंस की गं!”

तानाबाईनं पदरानं डोळे पुसले. चिमणाबाई सगळ्यांकडं बघून हात जोडत होती, अगदी रामलिंगकडं बघूनसुद्धा.

ट्रक रस्त्याला लागला त्या वेळी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या कंपनीच्या ऑफिसात त्र्यंबकराव पंख्याखाली बसून कागद चाळत होते.

“म्हणजे उद्या साहेबांनी कुणालाही विचारलं तरी हरकत नाही?”

“कुणालाही विचारू दे,” लीलाताई म्हणाल्या. “बाराजणी आहेत. सगळ्या सुखात आहोत म्हणतील.”

“चौदा होत्या ना?”

“त्यातल्या दोघी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांना मलकापूरच्या पुढं, आपल्या खाणीवर पाठवलंय.”