वाऱ्यात टिकणारी शेगडी

डब्लिनमधल्या त्या दुकानात नोरीनबाई तासभर छोट्या गॅसच्या शेगड्या उलटसुलट करून पाहत होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आयुष्यात पहिल्यांदाच तंबू घेऊन समुद्रकाठी राहायला निघाल्या होत्या. विक्रेता फिन्टन न कंटाळता एकेक समजावून सांगत होता.

"ही महागाची नको, बाई. जरा वारा सुटला की विझते. ही बुटकी घ्या. बूड रुंद आहे, भांडं कलंडत नाही. आणि थंडीत गॅस मंदावतो, तेव्हा गॅसचा डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपायचं. सकाळी चहा लवकर होतो."

"आणि पाऊस लागला, तर तंबूतच पेटवली तर चालेल ना?"

"अजिबात नाही. विषारी वायूनं गुदमरून माणूस झोपेतच जातो. भिजलात तरी चालेल, पण पेटवायची बाहेरच."

नोरीनबाईंनी बुटकी शेगडी त्याच्या हातात दिली.

"हे पुस्तकं वाचून कळत नाही रे. तुमच्या पिढीचा हेवा वाटतो मला. असं मोकळ्यावर राहायचं धाडस करायला मला साठी उलटावी लागली. तू कधीपासून राहतोस तंबूत?"

फिन्टनने शेगडी खोक्यात नीट बसवली, वर पावती ठेवली आणि खोकं त्यांच्यापुढे सरकवलं.



"घरमालकानं खोली विकली तेव्हापासून," तो म्हणाला. "येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील."