नव्या पिना

"उत्तमकाका, पिना कुठं गेल्या हो?" रेकॉर्ड वाजवायची पेटी उलटी करून सहदेवनं विचारलं. शेगावात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. पेटीमागून निघालेल्या वायरचं टोक उघडं, तांब्याच्या तारा बाहेर आलेल्या.

"तुटल्या," उत्तमराव म्हणाले. "तू नव्या लाव."

कशा तुटल्या ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला तोंड तरी कुठं होतं! भावाभावांची वाटणी झाली तेव्हा गावात वीज नुकतीच आलेली. वाटणीला बसलेल्या पंचांना रेडिओ आणि पेटी ही दोन वेगळी यंत्रं वाटली. दोन भाऊ, दोन यंत्रं, झाला न्याय! रेडिओ थोरल्या शालिग्रामला, पेटी धाकट्या उत्तमरावांना. पेटीला स्वतःचा आवाज नसतो, ती रेडिओतूनच बोलते, हे त्या शहाण्यांच्या गावीही नव्हतं. भावांना ठाऊक होतं, पण आधी बोलेल कोण? उत्तमरावांनी रागाच्या भरात पेटी उचलली, वायर हिसकली, आणि पिना रेडिओतच अडकून राहिल्या.

तेव्हापासून पेटी मुकी. बायको सत्यभामाबाई होत्या तोवर निदान घरात बोलणं होतं. त्या गेल्या आणि धामणगावचं घर खायला उठलं. उत्तमराव नुसतीच तबकडी फिरवत आणि सुईजवळ कान नेत. डासाएवढा आवाज यायचा. तेवढ्यासाठी हा माणूस अर्धी दुपार वाकून बसायचा.

सहदेवनं कथलाचे डाग देऊन दोन नव्या पिना बसवल्या, दुकानातल्या रेडिओच्या मागं खोचल्या आणि तबकडी लावली. गौळण खणखणीत वाजली. उत्तमरावांनी मांडीवर ठेका धरला. रस्त्यानं जाणारे दोघं आत डोकावले, तर हे हसून म्हणाले, "या, बसा ना!" ते बसले नाहीत.

सहदेवनं पिना उपसल्या. "घरी रेडिओ कोन्ता आहे?"

"घेतो आता एखादा. कोनाच्या दारात जायचं नाही मले."

"वडनेरचे शालिग्रामकाका तुमचेच भाऊ ना?" वायर गुंडाळता गुंडाळता सहदेव म्हणाला. "पोळ्याच्या आधी त्यांचा रेडिओ आला होता. मागं दोन पिना अडकून होत्या. म्हनलं, काढून टाकतो. तं हातच धरला माह्या. म्हने, राहू दे बे. लहान्याच्या आहेत. घ्याले येईन तो."

उत्तमराव बाहेर रस्त्याकडे पाहत राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसले, सहदेवसमोरच. मग पेटी पुन्हा त्याच्याकडं सरकवली.

"ह्या काढ."

"काऊन? आत्ताच तं लावल्या! पक्क्या बसल्या आहेत चांगल्या."

"काढ म्हनतो ना. अशी नेली तं दादाले वाटन, माह्यं त्याच्यावाचून भागलं."