कानाची पाळी

"उद्याच कुमुदला सोडतो, मग आपण लग्न करू," उडप्याच्या हॉटेलात गायक श्रीनिवास शर्वाणीला छातीठोकपणे म्हणाला. पण बायकोचं नाव घेताना त्याचा हात आपसूक कानाच्या पाळीला गेला.

शर्वाणीच्या हातातला डोसा तिथेच थांबला. गवई गुरूचं नाव घेताना असा कान धरतात, हे तिला ठाऊक होतं.

"तू गाणं बायकोकडे शिकलास?"

"हो. आधी तिनं मला गंडा बांधला, मग मी तिला मंगळसूत्र."

"आता कानाला हात न लावता म्हण, कुमुदला सोडतो."

श्रीनिवासनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. "कुमुदला..." म्हणताच त्याचा खांदाच कानाला जाऊन टेकला.

शर्वाणीनं पर्स उचलली. "घरी जा रे बाबा. कुमुदताई वाट बघत असतील," ती म्हणाली, आणि तिचाही हात कानाला गेला.