चौऱ्याऐंशी सह्या

“तुमच्या यादीत चौऱ्याऐंशी मुलं आहेत,” शिक्षण खात्याच्या बाई म्हणाल्या, “आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी गावातल्या इंग्रजी शाळांत सप्टेंबरची जागा पक्की करून ठेवलीय. मग आयरिश भाषेतली माध्यमिक शाळा मी मागू तरी कुणासाठी?”

हर्लिंग या आयरिश खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली होती. थोड्या वेळापूर्वी हाच हॉल टाळ्यांनी दणाणला होता. सभा रिवाजाप्रमाणे आयरिशमधून सुरू झाली होती. चार वाक्यं झाली आणि सगळे हुश्श करून इंग्रजीवर आले. आता तेच लोक आपापल्या चहाच्या कपात बघत बसले होते.

नुआला शाळेच्या मागणीसाठी बनलेल्या समितीची सचिव. सहा वर्षं ती या शाळेसाठी झटत होती. या हिवाळ्यात तर पावसात भिजत, लोकांची कुत्री अंगावर घेत तिने घरोघरी जाऊन सह्या जमवल्या. आयरिश प्राथमिक शाळेतून जूनमध्ये बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढेही आयरिशमधूनच शिकता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि फेब्रुवारीत, कुणाला कळू न देता, तिने आपल्या लेकाचं, डॅराचं नाव इंग्रजी शाळेत घालून टाकलं.

“असू दे गं,” नवरा म्हणाला होता. “आपल्या एकट्याच्या जागेने काय बिघडतंय?”

गावातला प्रत्येक नवरा हेच म्हणाला असणार, हे तिला आत्ता कळत होतं.

खात्याच्या बाई जरा मवाळ झाल्या. “असं करू. चाळीस मुलं खरोखर येणार असतील, तर मैदानामागे तात्पुरत्या खोल्या उभ्या करून याच सप्टेंबरला शाळा सुरू करता येईल. शुक्रवारपर्यंत ती दुसरी जागा सोडायला कोण कोण तयार आहे? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. शेजारच्याने आधी करावा, असं ज्याला त्याला वाटत होतं. नुआलाचा हात मांडीवरच राहिला. तिच्या डोळ्यांपुढे इंग्रजी शाळेची नवी प्रयोगशाळा आली, प्रतीक्षायादीवरची साठ नावं आली. डॅराची जागा सोडली आणि इथे चाळीस जमले नाहीत, तर? तिला स्वतःची लाज वाटली. अशी लाज तिला शाळेत असताना कॉपी करताना पकडलं तेव्हाही वाटली नव्हती. तरी हात वर गेला नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात वर झाला. लॉरी चालवणारा फिंटन. हा गडी शाळेत असताना आयरिशच्या तासांना कायम वर्गाबाहेर उभा असायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्याची मुलगी सोर्खा वर्गात पहिली यायची. हॉलमधल्या माना वळल्या. नुआलाला एकदम हायसं वाटलं. एकाने सुरुवात केली की बाकीचे करतील, मग आपणही करू.

ती उठून उभीच राहिली. “शाबास फिंटन! लिहून घ्या बाई, याने जागा सोडली.”

फिंटन गोंधळला. त्याने हात खाली घेतला, टोपी काढली.

“सोडायला जागा कुठाय माझ्याकडे, नुआला? दुसरीकडे नाव घातलंस तर आपली शाळा बुडेल, असं तूच माझ्या दारात उभी राहून सांगितलंस. मी घातलंच नाही कुठे.” मग तो खात्याच्या बाईंकडे वळला. “मी हात केला तो विचारायला. हे सगळे तिकडे जाणार असतील, तर माझ्या पोरीने कुठे जायचं?”