रडून झाल्यावर

"साहेब, उदबत्ती लावायची, नमस्कार करायचा आणि थेट गाडीत," सचिव ताबुची दारातच कुजबुजला. "मतदान रविवारी आहे. मासळी बाजारात लोक ताटकळलेत."

कुरामोचींनी मान डोलावली. दहनगृहात मोजकीच माणसं होती. गेलेली बाई फुमिए. जन्मभर मोत्यांचे शिंपले खरवडून पोट भरलं बिचारीनं. तिची एकुलती एक मुलगी मिसुझु फोटोपाशी उभी होती.

कुरामोची म्हणजे टीव्ही मालिकांमधले जुने तलवारबहाद्दर नट. पुढे खासदार झाले. रडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं सगळे म्हणत. आज तर त्यांनी कमालच केली. फोटोकडे पाहिलं आणि हुंदक्यांवर हुंदके. नाक पुसायचंही भान नाही.

"आला नाटक्या!" शेजारची तोमी मावशी म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशी. "मतांसाठी कुणाच्याही मढ्यावर रडेल मेला."

"कॅमेरा कुठे लपवलाय बघ गं," दुसरीनं री ओढली.

शवपेटी भट्टीत गेली, तसे कुरामोची ताबुचीला हळूच म्हणाले, "फोटो जुना आहे. तिच्या शेजारचं माणूस कापून टाकलंय. खांद्यावर बोटं तेवढी राहिलीत."

"असेल कुणीतरी. चला आता."

"दहन होईपर्यंत थांबू."

ताबुचीनं कपाळावर हात मारला. "अहो, इथे सगळी मिळून मतं किती आहेत!"

तरी ते थांबले. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. चहा निवून गेला. तोक्योतल्या घरीही ते असेच एकटे बसत. तिथे निदान टीव्हीची सोबत असे. आपल्याला कुणी ऊठ म्हणू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

शेवटी दहनगृहाच्या माणसानं अस्थींचा ट्रे बाहेर ओढला. "घरच्यांनी पुढे या. दोघांनी मिळून एकेक अस्थी उचलायची."

मिसुझुनं अस्थी उचलायच्या बांबूच्या काड्यांची एक जोडी घेतली. ट्रेच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

"थांब पोरी, मी येते," तोमी मावशी म्हणाली. मिसुझुनं नकारार्थी मान हलवली.

कुरामोची खुर्चीवरून उठले होते. पाय पुढे पडेना.

"साहेब, हे घरच्यांचं काम," मावशी फटकन म्हणाली. "इथे प्रचार नको."

"खरंय तुमचं." ते कमरेत वाकले आणि दाराकडे वळले.

"थांबा," मिसुझु म्हणाली. काड्यांची दुसरी जोडी तिनं पुढे धरली होती. "आई सांगून गेलीय. रडून निघून गेले तर जाऊ दे म्हणाली. रडून झाल्यावरही थांबले, तर या काड्या त्यांच्या हातात दे. घ्या, बाबा."